न्यायमूर्तींचे संशोधन-साहाय्यक

अपिलाचे स्वरूप

खालच्या न्यायालयात खटला चालतो तेव्हा न्यायाधीशासमोर माणसे असतात. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, त्याची उलटतपासणी होते, जप्त केलेल्या वस्तू दाखल होतात. बोलताना साक्षीदार अडखळला की ठाम राहिला, हे न्यायाधीश स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. अपील न्यायालयात यांपैकी काहीही सहसा घडत नाही. तेथे येतात ती खालच्या न्यायालयांची निकालपत्रे, साक्षींची लेखी नोंद, पक्षकारांचे अर्ज आणि दोन्ही बाजूंनी आधारासाठी पुढे केलेले पूर्वीचे निर्णय. त्यामुळे अपील ऐकणाऱ्या न्यायमूर्तींचे काम मुख्यत्वे वाचनाचे, तुलनेचे आणि लेखनाचे असते. खालच्या न्यायालयाने कायदा नीट लावला आहे काय, पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष टिकतो काय, आणि याच प्रश्नावर वरिष्ठ न्यायालयाने पूर्वी काय ठरवले आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांना द्यावयाची असतात.

यांतील तिसऱ्या प्रश्नाला आपल्या व्यवस्थेत विशेष महत्त्व आहे. राज्यघटनेच्या १४१ व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा भारतातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. खुद्द सर्वोच्च न्यायालयातही दोन न्यायमूर्तींच्या पीठाला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवलेली गोष्ट बाजूला सारता येत नाही. तेव्हा पूर्वी काय ठरले आहे हे शोधून काढणे हा केवळ विद्वत्तेचा भाग नसून न्यायमूर्तींचे ते कर्तव्यच आहे.

या कर्तव्यात साहाय्य करण्यासाठी दिल्लीतील दोन्ही वरिष्ठ न्यायालयांत कायद्याचे तरुण पदवीधर न्यायमूर्तींसोबत काम करतात. सर्वोच्च न्यायालयात त्यांना ‘लॉ क्लार्क-कम-रिसर्च असोसिएट’ म्हणतात, तर दिल्ली उच्च न्यायालयात ‘लॉ रिसर्चर’ हे नाव रूढ आहे. ‘क्लार्क’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कारकून उभा राहतो. परंतु दप्तर सांभाळणे, नोंदी ठेवणे, नकला देणे ही कामे या साहाय्यकांची नव्हेत. ती निबंधक कार्यालयाकडे असतात. संशोधन-साहाय्यकाचे काम कायद्याच्या अभ्यासाचे आहे. ते का आवश्यक झाले, कसे चालते आणि त्याची मर्यादा कोणती, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

कागदांचा भार

भारताचे सर्वोच्च न्यायालय जानेवारी १९५० मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी १९३७ पासून संसद भवनातील नरेंद्रमंडळाच्या दालनात संघ न्यायालय भरत असे. नवे न्यायालयही प्रथम तेथेच भरू लागले. टिळक मार्गावरील आजच्या इमारतीत ते १९५८ साली आले. या इमारतीचा आराखडा गणेश भिकाजी देवलालीकर या मराठी वास्तुशिल्पज्ञाने तयार केला होता. आरंभी सरन्यायाधीश धरून न्यायमूर्तींची संख्या आठ होती. कामाच्या वाढीबरोबर ती टप्प्याटप्प्याने वाढवावी लागली आणि २०१९ साली ३४ झाली. दिल्ली उच्च न्यायालय त्या मानाने नवे आहे. ३१ ऑक्टोबर १९६६ रोजी त्याची स्थापना झाली. तोपर्यंत पंजाब उच्च न्यायालयाचे एक पीठ दिल्लीत काम पाहत असे.

न्यायमूर्ती वाढले तरी कागद त्याहून अधिक वेगाने वाढले. याचे एक प्रमुख कारण म्हणजे राज्यघटनेचा १३६ वा अनुच्छेद. देशातील जवळजवळ कोणत्याही न्यायालयाच्या वा न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याची विशेष अनुमती सर्वोच्च न्यायालय या अनुच्छेदाखाली देऊ शकते. अनुमती मागण्याचा हा मार्ग अपवादात्मक असावा अशी कल्पना होती. प्रत्यक्षात तो हमरस्ता झाला. सोमवार आणि शुक्रवार हे दिवस मुख्यतः अशा नव्या प्रकरणांच्या प्राथमिक सुनावणीसाठी राखून ठेवण्याचा प्रघात दीर्घकाळ चालत आला आहे. अशा एका दिवशी एकाच पीठापुढे साठ-सत्तर प्रकरणे लागणे ही नवलाची गोष्ट नाही. २०२४ अखेर या न्यायालयात प्रलंबित असलेल्या प्रकरणांची संख्या ऐंशी हजारांहून अधिक होती.

साठ प्रकरणे म्हणजे साठ फायली. त्यांतील काही पन्नास पानांच्या, तर काही हजार पानांच्या असतात. प्रत्येक फायलीत बहुधा दोन न्यायालयांची निकालपत्रे असतात आणि प्रत्येक फायलीच्या मागे एखाद्या कुटुंबाची जमीन, कोणाची नोकरी, कोणाचे स्वातंत्र्य अडकलेले असते. न्यायालयात मात्र अशा प्रकरणाला प्रथमदर्शनी काही मिनिटेच मिळतात. ती काही मिनिटे सार्थकी लागावयाची तर प्रकरणाचा मुख्य मुद्दा आधीच निश्चित झालेला असला पाहिजे. संशोधन-साहाय्यकाची गरज येथे निर्माण होते.

शास्त्री, मौलवी आणि त्यांच्या ‘व्यवस्था’

न्यायाधीशाला कायदा शोधून देणारा साहाय्यक ही कल्पना भारताला अपरिचित नाही. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये दिवाणी न्यायालयांची रचना केली, तेव्हा वारसा, विवाह आणि धार्मिक बाबतींत हिंदूंना हिंदू धर्मशास्त्र व मुसलमानांना मुस्लिम कायदा लावावा असे ठरले. इंग्रज न्यायाधीशांना संस्कृत येत नव्हते. म्हणून न्यायालयांत पंडित आणि मौलवी नेमण्यात आले. न्यायाधीशाने प्रश्न लिहून पाठवावा आणि पंडिताने शास्त्राधार देऊन उत्तर द्यावे, अशी ही पद्धत होती. पंडिताच्या उत्तराला ‘व्यवस्था’ म्हणत. मुंबई इलाख्यातील न्यायालयांतही असे शास्त्री होते. त्यांनी दिलेल्या उत्तरांचा संग्रह रेमंड वेस्ट आणि गेओर्ग ब्यूलर यांनी १८६७ पासून प्रसिद्ध केला. हिंदू कायद्याच्या अभ्यासात या ग्रंथाला पुढे मोठी मान्यता मिळाली.

या पद्धतीत एक मूलभूत दोष होता. न्यायाधीशाला मूळ ग्रंथ वाचता येत नसल्यामुळे मिळालेले उत्तर तपासून पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. कलकत्त्याच्या न्यायालयात न्यायाधीश म्हणून आलेला विल्यम जोन्स संस्कृत शिकला, त्यामागे पंडितांच्या मतावर सर्वस्वी विसंबून राहावे लागू नये हाही एक हेतू होता. अखेर १८६४ च्या कायद्याने ही पदेच रद्द झाली. तोपर्यंत अनेक ग्रंथांची भाषांतरे आणि छापील निर्णय उपलब्ध झाले होते. न्यायालये आता आपल्या बळावर कायदा ठरवू शकतील असे मानले गेले.

या इतिहासातून निघणारे तत्त्व आजही लागू आहे. साहाय्यकाने दिलेला आधार न्यायाधीशाला स्वतः पडताळून पाहता येत असेल तरच त्याला साहाय्य म्हणावे. पडताळणी नसेल तर निर्णय न्यायाधीशाच्या सहीचा आणि साहाय्यकाच्या बुद्धीचा होतो.

लॉ क्लार्कची प्रथा

आज ज्या स्वरूपात ही प्रथा आढळते ते मूळचे अमेरिकेतील आहे. होरेस ग्रे हे १८८२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. हार्वर्डच्या विधि विद्यालयातून नुकतीच पदवी घेतलेला एक तरुण ते दरवर्षी साहाय्यक म्हणून घेत आणि प्रारंभी त्याचे वेतन स्वतःच्या खिशातून देत. पुढे सरकारने या पदांसाठी पैशाची तरतूद केली आणि हळूहळू ही प्रथा त्या देशात सर्वत्र पसरली. वर्षभर काम करून साहाय्यकाने निघून जावे आणि दुसऱ्या तरुणाने त्याची जागा घ्यावी, हे तिचे वैशिष्ट्य टिकून राहिले.

भारतात पहिली काही दशके असे साहाय्यक नव्हते. न्यायमूर्तींच्या मदतीला लघुलेखक, खाजगी सचिव आणि न्यायालयाचे ग्रंथालय एवढेच असे. केशवानंद भारती खटल्याचे काम १९७२-७३ मध्ये तेरा न्यायमूर्तींपुढे ६८ दिवस चालले आणि २४ एप्रिल १९७३ रोजी त्यात अकरा निकालपत्रे दिली गेली. जगातील अनेक राज्यघटनांचा धांडोळा घेणारी ती निकालपत्रे न्यायमूर्तींनी लिहिली, तेव्हा आजच्यासारखा साहाय्यकवर्ग त्यांच्या हाताशी नव्हता. संशोधनाचा मोठा भाग वकिलांच्या युक्तिवादातून येत असे. नानी पालखीवाला आणि एच. एम. सीरवाई यांच्यासारखे मुंबईचे कायदेपंडित परस्परविरुद्ध बाजूंनी उभे असताना न्यायालयापुढे साहित्याची उणीव भासणे शक्यच नव्हते. पण प्रत्येक पक्षकाराच्या वाट्याला असा वकील येत नाही. ज्याच्या वाट्याला तो येत नाही, त्याच्यासाठी संशोधन-साहाय्यकाचे काम सर्वाधिक मोलाचे ठरते.

बंगळूर येथे १९८६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय विधि विद्यालयापासून पाच वर्षांच्या सलग अभ्यासक्रमाची नवी विद्यालये देशभर निघाली. त्यांतून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांना न्यायमूर्तींकडे घेण्याची पद्धत रूढ होत गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या योजनेनुसार उमेदवाराचे वय २० ते ३२ वर्षांच्या दरम्यान असावे लागते. निवडीचे तीन टप्पे असतात : बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा, लेखनाची व विश्लेषणाची कसोटी पाहणारी लेखी परीक्षा आणि मुलाखत. नेमणूक अल्पमुदतीच्या कराराने होते आणि या योजनेत मासिक मानधन ८०,००० रुपये ठरवण्यात आले. या काळात साहाय्यकाला वकिली करता येत नाही आणि कामात समजलेल्या गोष्टी बाहेर बोलता येत नाहीत.

कामाचे टप्पे

संशोधन-साहाय्यकाचे पहिले काम म्हणजे टिपण तयार करणे. विशेष अनुमतीच्या याचिकेचे टिपण बहुधा दोन-तीन पानांचे असते. प्रकरणाच्या तारखा, खालच्या न्यायालयांनी काय ठरवले, याचिकाकर्त्याचा आक्षेप काय, त्यात कायद्याचा विचार करण्याजोगा प्रश्न आहे काय, एवढे त्यात यावे लागते. चांगले टिपण संक्षिप्त असते. पण संक्षेप करताना काय गाळले गेले याची जाणीव साहाय्यकाला सतत ठेवावी लागते. टिपणात जे आले नाही ते न्यायमूर्तींच्या नजरेतून निसटण्याचा संभव असतो. म्हणून महत्त्वाच्या विधानापुढे मूळ फायलीचे पान नोंदवण्याची शिस्त पाळली जाते. त्यामुळे न्यायमूर्ती हव्या त्या ठिकाणी थेट मूळ कागद उघडू शकतात.

दुसरे काम पुराव्याच्या वाचनाचे. फौजदारी अपिलात साक्षींची नोंद पुन्हा तपासावी लागते. येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार इंग्रजीत चालते, तर महाराष्ट्रातील खेड्यातला साक्षीदार मराठीत बोललेला असतो. समजा, आरोपी ‘ओसरीवर बसला होता’ असे एकाने सांगितले, दुसऱ्याने ‘पडवीत’ म्हटले आणि तिसऱ्याने ‘माजघरात’ म्हटले. भाषांतरात तिन्ही ठिकाणी ‘घरात’ एवढाच अर्थ उरला, तर तिन्ही साक्षी एकमेकींशी जुळतात असे वाटेल. ओसरीवर बसलेला माणूस रस्त्यावरून दिसतो, माजघरातला दिसत नाही. आणि खटल्याचा सारा भर कदाचित त्याच मुद्द्यावर असेल. अशा वेळी मूळ नोंद पाहण्याची सूचना करणारा साहाय्यक न्यायाच्या दृष्टीने मोठे काम करून जातो.

तिसरे आणि सर्वांत कसोटीचे काम पूर्वनिर्णयांच्या शोधाचे. सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय अधिकृत अहवालांत १९५० पासून प्रसिद्ध होत आले आहेत. त्यांखेरीज खाजगी प्रकाशनेही आहेत. नागपूरहून निघणारा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ १९१४ पासून देशभरच्या वकिलांच्या कपाटांत आहे. या प्रकाशनांत प्रत्येक निर्णयाच्या आरंभी संपादकाने लिहिलेली शीर्षटीप असते. ती शोधाला उपयोगी पडते. परंतु ती निर्णयाचा भाग नव्हे. शीर्षटीप वाचून थांबणारा साहाय्यक आणि संपूर्ण निकालपत्र वाचणारा साहाय्यक यांच्या कामात मोठे अंतर पडते.

संपूर्ण निकालपत्र वाचले म्हणजेही शोध संपत नाही. निकाल ज्या तत्त्वावर उभा आहे ते तत्त्व कोणते आणि न्यायमूर्तींनी केवळ ओघात केलेले विधान कोणते, हे वेगळे करावे लागते. कारण बंधन पहिल्याचे असते. तो निर्णय किती न्यायमूर्तींचा होता, पुढे तो कायम राहिला की मोठ्या पीठाने बदलला, आणि मधल्या काळात मूळ कायद्यात दुरुस्ती झाली काय, हेही पाहावे लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ वे कलम नव्या संहितेत १०३ वे झाले. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनीच दंड संहिता लागू होते. त्यामुळे पुढील अनेक वर्षे अपील न्यायालयात दोन्ही संहिता शेजारी शेजारी ठेवूनच काम करावे लागणार आहे.

चौथे काम निकालपत्राच्या मसुद्याच्या तपासणीचे. न्यायमूर्तींनी सांगितलेल्या वा लिहिलेल्या मसुद्यातील प्रत्येक तारीख, प्रत्येक अवतरण आणि प्रत्येक आधार मूळ कागदाशी ताडून पाहावा लागतो. हे काम कंटाळवाणे भासेल. पण ते न झाल्यास काय होऊ शकते, हे दाखवणारा एक धडा आपल्या न्यायालयाच्या इतिहासात आहे.

एका विधानाची किंमत

फाशीची शिक्षा घटनाबाह्य आहे काय, हा प्रश्न बच्चन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे आला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड त्या पीठाचे प्रमुख होते. ९ मे १९८० रोजी बहुमताने निर्णय झाला. फाशीची शिक्षा वैध ठरली. परंतु ती अत्यंत विरळ प्रकरणातच द्यावी आणि ती देताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करावा, असे बंधन न्यायालयाने घातले. त्याचे वय, त्याची परिस्थिती, तो सुधारण्याची शक्यता, या बाबी तपासल्याशिवाय शिक्षा ठरवता येणार नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होता.

पुढे डिसेंबर १९९५ मध्ये रावजी विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने फाशीची शिक्षा कायम केली. शिक्षा ठरवताना गुन्ह्याचे स्वरूप व गांभीर्य पाहावयाचे, गुन्हेगार नव्हे, अशा आशयाचे विधान त्या निकालपत्रात होते. हे विधान घटनापीठाच्या निर्णयाशी सरळ विसंगत होते. त्या आरोपीला मे १९९६ मध्ये फाशी झाली. विधान मात्र कागदावर राहिले. पुढील सुमारे बारा वर्षांत निरनिराळ्या खटल्यांत त्याचा आधार घेतला गेला आणि प्रत्येक नव्या निकालपत्राबरोबर ते अधिकाधिक प्रस्थापित दिसू लागले. मूळ घटनापीठाचा निर्णय दरम्यान नाहीसा झाला नव्हता. तो प्रत्येक ग्रंथालयात होता.

ही विसंगती १३ मे २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच उघड केली. संतोषकुमार बरियार विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला पुण्यातील अपहरण व खुनाचा होता. त्यात शिक्षेचा विचार करताना न्यायालयाने पूर्वनिर्णयांची साखळी पुन्हा मुळापर्यंत तपासली. रावजी खटल्यातील निर्णय बंधनकारक पूर्वनिर्णयाकडे अनवधानाने दुर्लक्ष करून दिला गेला होता, म्हणून तो प्रमाण मानता येत नाही, असे न्यायालयाने जाहीर केले. त्याच्या आधारावर दिलेल्या सहा निर्णयांचीही नोंद केली. त्यांत महाराष्ट्रातून आलेल्या दोन खटल्यांचे निर्णय होते. बरियारची फाशी रद्द होऊन त्याला जन्मठेप झाली. त्या सहांपैकी एका खटल्यातील आरोपीला मात्र १९९७ मध्येच फाशी दिली गेली होती. २०१२ साली चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहिली आणि अशा सदोष आधारावर फाशीची शिक्षा झालेल्या तेरा जणांची शिक्षा कमी करावी अशी विनंती केली.

योग्य कसोटी लावली असती तर त्या आरोपींची फाशी टळलीच असती, असे कोणालाही म्हणता येणार नाही. त्यांच्यावरील गुन्हे भयंकर होते. पण प्रश्न तो नाही. कायद्याने ज्या परीक्षेचा त्यांना हक्क दिला होता ती परीक्षा झाली नाही, आणि दोघांच्या बाबतीत ती पुन्हा करणे शक्य उरले नाही. हा दोष एखाद्या व्यक्तीच्या माथी मारण्याचेही कारण नाही. न्यायमूर्ती, दोन्ही बाजूंचे वकील, साहाय्यक, प्रकाशक, अशा सर्वांच्या हातांतून ते विधान गेले होते. प्रत्येकाने आधीच्या निकालपत्रावर विश्वास ठेवला. त्या निकालपत्राने ज्याच्यावर विश्वास ठेवला होता तो निर्णय उघडून पाहण्याची तसदी घेतली गेली नाही, एवढेच घडले. संशोधन-साहाय्यकाच्या कामाचे खरे प्रयोजन या उदाहरणात दिसते. आधार मिळाला की त्या आधाराचा आधार पाहावयाचा आणि घटनापीठाच्या निर्णयापर्यंत मागे जावयाचे, हे त्याचे मुख्य काम होय.

साहाय्याची सीमा

संशोधन-साहाय्यकांविषयी एक शंका नेहमी घेतली जाते. निर्णय खरोखर कोणाचा ? पंचविशीतला पदवीधर टिपण लिहितो, त्यावरून न्यायमूर्तींचे मत बनते, आणि मसुद्यालाही त्याचा हात लागतो. अशा स्थितीत लोकांनी ज्यांना कधी पाहिलेही नाही त्या तरुणांच्या हाती न्याय जात नाही काय ? अमेरिकेत विल्यम रेनक्विस्ट यांनी १९५७ साली ही शंका जाहीरपणे मांडली. ते स्वतः पूर्वी तेथील सर्वोच्च न्यायालयात लॉ क्लार्क होते आणि पुढे त्याच न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले. १९७२ पासून तेथील अनेक न्यायमूर्तींनी याचिकांची टिपणे आपापल्या साहाय्यकांत वाटून घेण्याची पद्धत सुरू केली. एका साहाय्यकाने लिहिलेले टिपण त्या सर्व न्यायमूर्तींना पाठवले जाते. श्रम वाचतात हे खरे; पण त्या एका टिपणात चूक राहिली तर ती सर्वांपर्यंत पोहोचते, अशी टीकाही झाली.

शंका निराधार नाही आणि तिला उत्तर आहे. राज्यघटनेने निर्णयाचा अधिकार न्यायमूर्तींना दिला आहे. शपथ त्यांनी घेतलेली असते आणि निकालपत्रावर सही त्यांची असते. साहाय्यकाचे टिपण न्यायालयाच्या अभिलेखाचा भाग होत नाही, पक्षकारांना ते दाखवले जात नाही. म्हणूनच त्यावर संपूर्णपणे विसंबणे अधिक धोक्याचे आहे. कारण त्यातील चूक दाखवून देण्याची संधी पक्षकाराला मिळत नाही. वकिलांनी न मांडलेला एखादा महत्त्वाचा पूर्वनिर्णय साहाय्यकाला सापडला, तर तो खुल्या न्यायालयात दोन्ही बाजूंपुढे ठेवून त्यांचे म्हणणे ऐकणे हा न्यायाला धरून असलेला मार्ग होय. टिपणाने न्यायमूर्तींचे वाचन कोठून सुरू व्हावे हे सुचवावे. ते वाचन टिपणापाशीच संपू लागले, तर शास्त्र्यांच्या व्यवस्थेचा जुना दोष नव्या रूपाने परत येतो.

चांगला साहाय्यक म्हणूनच न्यायमूर्तींच्या मताला दुजोरा देणारेच आधार गोळा करीत नाही. मसुद्यातील मताविरुद्ध जाणारा सर्वांत बळकट निर्णय कोणता, हेही तो शोधतो आणि नम्रपणे पुढे ठेवतो. वयाने, अनुभवाने आणि अधिकाराने कितीतरी मोठ्या व्यक्तीला हे सांगणे सोपे नसते. ते सांगता यावे असे वातावरण आपल्या दालनात ठेवणे ही न्यायमूर्तींची जबाबदारी आहे.

यंत्राचे साहाय्य

अलीकडच्या काळात शोधाची साधने झपाट्याने बदलली. निकालपत्रांची स्थानिक भाषांत भाषांतरे करण्यास मदत करणारी ‘सुवास’ ही संगणक-प्रणाली सर्वोच्च न्यायालयात नोव्हेंबर २०१९ मध्ये आली; मराठी ही त्यांतील एक भाषा आहे. सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या कारकिर्दीत एप्रिल २०२१ मध्ये ‘सुपेस’ ही प्रणाली सुरू झाली. फायलीतील माहिती निवडून न्यायमूर्तींपुढे मांडण्यासाठी ती योजली होती. निर्णयाचा भाग तिच्याकडे नव्हता. जानेवारी २०२३ पासून अधिकृत अहवालांतील निर्णय संगणकावर विनामूल्य उपलब्ध झाले. पूर्वी जो शोध घेण्यास ग्रंथालयात दोन दिवस लागत, तो आता काही क्षणांत लागतो.

तथापि वेगाबरोबर जुना धोका वाढला आहे. २०२३ साली न्यूयॉर्क येथील एका खटल्यात वकिलांनी यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निर्णय न्यायालयापुढे ठेवले आणि त्यांना दंड झाला. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी नियमावली काढली आणि निर्णयाला पोहोचण्यासाठी अशा यंत्रांचा वापर करू नये असे स्पष्ट केले. रावजी खटल्यातील विधान निदान खरोखर कोणीतरी लिहिलेले होते. ते मुळाशी ताडून पाहिले गेले नाही, एवढाच प्रश्न होता. आता मूळच नसलेल्या आधारांचीही भर पडली आहे. साहजिकच मूळ निकालपत्र उघडून वाचणाऱ्या माणसाची गरज वाढली आहे.

संशोधन-साहाय्यकाचे नाव कोणत्याही निकालपत्राखाली येत नाही. वर्ष-दोन वर्षांनी तो निघून जातो. कोणी वकील होतो, कोणी अध्यापक, तर कोणी पुढे न्यायासनावरही बसतो. ज्या पक्षकाराची फायल त्याने रात्री वाचली त्याला तो ठाऊकही नसतो. पक्षकाराची अपेक्षा एवढीच असते की आपला कागद पूर्ण वाचला जावा आणि आपल्याला लावला जाणारा कायदा खरोखर तोच असावा. दिल्लीच्या या दोन न्यायालयांत संध्याकाळी उशिरापर्यंत चालणाऱ्या टिपणांचे, पडताळणीचे आणि पुनर्वाचनाचे मोल त्या अपेक्षेवरूनच ठरवावयाचे आहे.